ताटावरचं नाव

माझ्या पदवीचं श्रेय मी सगळ्यांत आधी आमच्या शेजारच्या अक्काला देतो. आईवडिलांच्याही आधी. खरं तेच आहे. अक्का माझी बहीण नव्हे. आमच्या भिंतीला भिंत लागून जे जैन शेतकऱ्यांचं घर आहे, त्या घरची ती थोरली सून. आता साठीच्या पुढची. सगळी गल्ली तिला अक्का म्हणते, म्हणून मीही म्हणतो. तिचं नाव मी इथं लिहिणार नाही, तसं तिनंच बजावलं आहे.

मी इंजिनिअर झालो. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. कसा शिकलास असं कुणी विचारलं तर मी सांगतो, शिष्यवृत्तीवर. ऐकणारा खूश होतो. त्याला वाटतं, पोरगा हुशार होता, मदत मिळाली, झालं. मला मात्र ते वाक्य बोलताना अजून राग येतो. राग नेमका कुणाचा, हे एकदा नीट मांडावं म्हणून लिहायला बसलोय.

आमचं गाव हातकणंगल्यापासून सायकलच्या अंतरावर. वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार. गाळप चालू तोवर कामावर, हंगाम संपून पट्टा पडला की घरी. उरलेले महिने मिळेल ते काम. आईची एक म्हैस. घर दोन खोल्यांचं, पुढं पत्र्याचा सोपा. सोप्याच्या पायरीजवळ आईचा पाटा, कारण आत त्याला जागा नव्हती.

बारावीला मार्क चांगले पडले आणि कोल्हापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात नंबर लागला. फीला सरकारी सवलत असते एवढं ऐकून होतो. सवलत असते, पण फीच्या एका भागाला. बाकीची फी, हॉस्टेल, मेस यांचं काय, हे सरकारच्या पोर्टलवर कुठंच नव्हतं. आणि जी सवलत आहे ती मिळवायला उत्पन्नाचा दाखला, दाखल्याला तलाठ्याचा अहवाल, अहवालाला तलाठी जागेवर सापडणं. तहसीलसमोरच्या सेवा केंद्रात मी इतक्यांदा उभा राहिलो की तिथला माणूस मान वर न करता म्हणायचा, "सर्व्हर बंद हाय, पावणं. उद्या या." हाकलतानाही इकडं माणसाला पावणं म्हणतात.

शिष्यवृत्ती शोधावी लागते, हे आमच्या शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. एका ट्रस्टची नोटीस मला कॉलेजातल्या झेरॉक्सच्या दुकानात दिसली, एका जुन्या कॅलेंडरखाली अर्धी झाकलेली. गरजू विद्यार्थ्यांचा हॉस्टेल-मेसचा आणि उरलेल्या फीचा खर्च ट्रस्ट चारही वर्षं उचलणार होता. मी ती नोटीस तीनदा वाचली आणि अर्ज घेऊन आलो. अर्जाच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'आपल्या कुटुंबाची परिस्थिती स्वतःच्या शब्दांत लिहा.' मी चार ओळी लिहिल्या.

अर्ज द्यायला गेलो तेव्हा ट्रस्टच्या कारकुनानं ते पान उलटसुलट करून बघितलं.

"एवढंच?"

"आहे तेवढं लिहिलंय."

"जरा मनाला लागंल असं लिही की. बाकीची पोरं दोन-दोन पानं लिवत्यात."

"पण खरं एवढंच आहे."

"खरं समद्यांचंच असतंय लेका," तो म्हणाला आणि शिक्का मारला.

तो वाईट माणूस नव्हता. माझ्या भल्याचंच सांगत होता. पण घरच्या गरिबीला चांगली भाषा लागते, आणि जो ती रंगवून मांडेल त्याला मार्क, हे मला त्या दिवशी कळलं आणि पहिल्यांदा डोकं तापलं.

हॉस्टेलनं पैसे भरायला महिनाअखेरची मुदत दिली होती. वडिलांनी शिरोलीतल्या फौंड्रीच्या एका कंत्राटदाराशी बोलून ठेवलं होतं. ट्रस्टचं जमलं नाही तर मी एक तारखेपासून त्याच्याकडं कामाला आणि कॉलेज बंद. वडिलांचं चुकलं असं मी म्हणत नाही. दुसरं त्यांच्या हातात काहीच नव्हतं.

आठवड्याभरात ट्रस्टचा फोन आला. रविवारी दोघेजण घर बघायला येतील.

मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजी पावणं येणार."

"पावणं न्हाईत गं. आपली परिस्थिती बघाय येणार हाईत."

"बघाय येऊ देत, न्हाईतर जेवाय. उंबऱ्याच्या आत आलं की पावणंच."

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. स्टीलच्या भांड्यावर नाव घालून घेतात. भांड्यांच्या दुकानातच मशिननं कोरून देतात. लग्नात, बारशात भांडी या घरातून त्या घरात जातात, ती परत ओळखू यावीत म्हणून. अक्काच्या ताटांवर तिच्या सासऱ्यांचं नाव आहे. ते नाव मी लहानपणापासून वाचत आलोय, कारण आमच्याकडं कुणी यायचं असलं की ताटं तिकडूनच यायची. आणि या देण्याघेण्याचा एक नियम आहे. दिलेल्या वस्तूचा उच्चार करायचा नाही. पाहुण्यांसमोर तर नाहीच नाही. एकदा अक्का स्वतः आमच्याकडं आली आणि तिच्याच खुर्चीवर बसली, तेव्हा आमच्या मावशीसमोर म्हणाली होती, "तुमच्या खुर्च्या बऱ्या हाईत की."

त्या रविवारी परसातल्या बुटक्या भिंतीवरून चार खुर्च्या आल्या, टेबलफॅन आला, मिक्सर आला, ताटं-वाट्या आल्या, पलंगावर घालायला चादर आली. ताटं जैनाच्या घरची, तेव्हा त्यांत मटण वाढायचं नाही हे आईला कुणी सांगायला लागत नाही. तिनं पुरण शिजवलं. मी म्हटलं, "आई, एवढं नको." ती म्हणाली, "तुला काय कळतंय, गप बस." आणि मी गप्प बसलो. याबद्दल माझा माझ्यावरही राग आहे. मला माहीत होतं ते लोक कशाला येतायत.

दोघे आले. एक साठीतले, सोनेरी काड्यांचा चष्मा. दुसरा तरुण, फोटो काढायला. चष्मेवाल्या साहेबांनी पायरीपाशी थांबून आईच्या पाट्यावर पाय ठेवला आणि बुटाची नाडी सोडली. आईनं बघितलं.

वडील परीटघडीचा शर्ट घालून बसले होते. साहेबांनी विचारलं, "काय अडचण आहे तुमची?"

वडील म्हणाले, "अडचण काय न्हाई. देवाच्या दयेनं बरं चाललंय."

मी खोकलो. वडिलांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी पाहुण्यांसमोर शिवी दिली.

त्यांचं बरोबर होतं. उंबऱ्यात आलेल्याला आधी पाणी द्यायचं, मग जेवण, आणि तो ख्यालीखुशाली विचारेल तेव्हा बरं चाललंय म्हणायचं. ज्या माणसाला आपण जेवू घालणार आहोत त्याच्यासमोर रडगाणं गायचं म्हणजे त्याचा घास कडू करायचा. हे आमच्या सगळ्या गावाला माहीत आहे. त्या साहेबांनाही माहीत असणार. बोलण्यावरून तेही इकडचेच होते.

"वैनी, पोळी झकास झालीय," साहेब जेवताना म्हणाले.

"अजून एक घ्या की."

"बास आता. पोट फुटंल."

"पोळीनं कुणाचं पोट फुटलंय? दूध घ्या वर."

त्यांनी घेतली. दूध घेतलं, तूप घेतलं. तरुणानं मिक्सरचा फोटो काढला, पंख्याचा काढला, खुर्च्यांचा काढला. जाताना साहेब माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "नशीबवान आहेस. असे आईवडील मिळायला भाग्य लागतं."

चार दिवसांनी मोबाईलवर मेसेज आला. अर्ज नामंजूर.

मी ट्रस्टच्या कार्यालयात गेलो. कारकुनानं इकडंतिकडं बघून भेटीचा अहवाल माझ्यासमोर सरकवला. तो मला अजून पाठ आहे. 'घरात पुरेसं फर्निचर, पंखा, मिक्सर, भरपूर भांडी. आदरातिथ्य उत्तम. पालकांनी कोणतीही अडचण सांगितली नाही. कुटुंब सुस्थितीत. शिफारस नाही.'

आदरातिथ्य उत्तम. आईनं भल्या पहाटे उठून वाटलेलं पुरण तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून लिहिलं होतं. ज्यानं लिहिलं तो दुसरी पोळी घेऊन जेवला होता. जेवून हात धुऊन त्यानं हे लिहिलं.

मी तिथंच सांगू शकलो असतो, त्या वस्तू आमच्या नाहीत. एक वाक्य. ते तोंडातून आलं नाही. ते बोललो असतो तर आईनं वाढलेलं ताट मी माझ्या हातानं तिच्या पाहुण्यांसमोरून उचलल्यासारखं झालं असतं. मी 'बरं' म्हणालो आणि जिना उतरलो.

घरी सांगितलं तेव्हा आई चुलीपुढं होती. चुलीतलं लाकूड मागं ओढून म्हणाली, "म्हंजी मी त्यास्नी फुटक्या कपात च्या द्यायचा हुता?" वडील उठून बाहेर गेले, कंत्राटदाराला फोन लावायला.

संध्याकाळी मी अक्काच्या गोठ्यात वैरण टाकायला गेलो, तेव्हा ती जैन रीतीप्रमाणं दिवस मावळायच्या आत जेवून तिथं आली होती. तिनं विचारलं, "तोंड का रं पडलंय?" मी सगळं सांगितलं. तिनं मधे एकदाच विचारलं, "ताटावरलं नाव न्हाई वाचलं त्यांनी?" मी म्हटलं, नाही. ती शेणाची पाटी उचलून निघून गेली. मला वाटलं, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजातून माझी कागदपत्रं परत आणायला निघालो होतो. हातकणंगले स्टेशनवर बाकावर अक्का बसलेली. शेजारी पिशवी, जुन्या धोतरात काहीतरी बांधून घातलेलं.

"तू कुठं चाललीस?" मी विचारलं.

"तुझ्यासंगट येतो की." आमच्याकडं बायका 'येतो' म्हणतात.

"पिशवीत काय हाय?"

"दोन ताटं. आणि एक ध्यानात ठेव. हे तुझ्या आईला कळता कामा न्हाई. मी मेलो तरी न्हाई."

कोल्हापुरापर्यंत ती एक शब्द बोलली नाही. ट्रस्टच्या कार्यालयात चष्मेवाले साहेब बसले होते. अक्कानं नमस्कार केला, धोतर सोडलं आणि दोन ताटं त्यांच्या टेबलावर ठेवली. कागदांवरच ठेवली.

"वाचा," ती म्हणाली.

साहेब गोंधळले. "आपण कोण?"

"ताटाची मालकीण. नाव घातलंय बघा काठाला. माझ्या सासऱ्याचं हाय. त्या रविवारी ह्यातच जेवलासा की तुम्ही."

साहेबांनी चष्मा काढला, परत घातला आणि वाचलं.

"खुर्च्या आमच्या. उलट्या करून बघायच्या हुत्यासा, खाली रंगानं लिवलंय. पंखा आमचा. चादर आमची."

"आणि मिक्सर?"

"मिक्सर बी आमचाच. तिच्या घरात पाटा हाय, पायरीपाशी. तुम्ही त्यावर पाय ठेवून बूट काढलासा, असं ह्या पोरानं सांगितलं."

खोलीत कारकून होता. त्यानं मान खाली घातली. साहेब म्हणाले, "मग मुलानं त्याच दिवशी सांगायला हवं होतं. आमच्यापुढं जे दिसतं तेच आम्ही लिहिणार."

"आईनं पावण्याला वाढलेल्या ताटाचं बिंग पोरानं फोडायचं? तुमच्या घरात करत्यात असं?"

साहेबांनी कागदांवरची ताटं बाजूला सरकवली.

"करत असतील तर ऱ्हाऊ दे," अक्का म्हणाली. "न्हाईतर कागुद बदला."

कागद बदलला. समितीपुढं गेला, महिना संपायच्या आत मंजूर होऊन आला. वडिलांनी कंत्राटदाराला नाही म्हणून कळवलं. आईला मी सांगितलं, त्यांनी फेरविचार केला. तिचा चेहरा उजळला. ती म्हणाली, "बघ, चार घास गोड लागलं की माणूस वाईट वागत न्हाई." मी मान हलवली. तिला हे असंच वाटत राहावं, एवढीच माझी इच्छा होती, आणि अक्काचीही.

ट्रस्टचा वार्षिक कार्यक्रम थंडीत झाला. पालकांना बोलावणं होतं. वडील कारखान्यावर होते, म्हणून आई आली. तिनं लग्नातली साडी नेसली होती. स्टेजवर मुलांना एकेक करून बोलवत आणि माइकवर स्वतःची परिस्थिती सांगायला लावत. एक मुलगी मधेच रडली, तेव्हा टाळ्या जास्त पडल्या. मी माझ्या चार ओळी बोललो आणि खाली येऊन आईशेजारी बसलो.

शेवटी चष्मेवाले साहेब उठले. म्हणाले, "एक गंमत सांगतो." आणि त्यांनी ताटांची गोष्ट सांगितली. गावाकडची बाई, धोतरातली ताटं, 'वाचा' म्हणाली, सगळं. आवाज काढून सांगितली. उसन्या खुर्च्या, उसना मिक्सर, उसनी चादर, एकेक मोजून सांगितली. सभागृह हसत होतं. "चूक माझीच बरं का," ते म्हणाले, आणि त्यांच्या मोठ्या मनालाही टाळ्या पडल्या. मग म्हणाले, "तो मुलगा इथंच आहे. ऊठ बाळा."

मी उठलो. का उठलो? शिष्यवृत्तीची तीन वर्षं बाकी होती, हे खरं उत्तर असेल. सगळ्यांनी वळून माझ्याकडं बघितलं, मग माझ्या शेजारी लग्नातली साडी नेसून बसलेल्या बाईकडं.

परतीच्या गाडीत आईनं विचारलं, "अक्का ताटं घिऊन गेलती?"

"व्हय."

"तू संगट हुतास?"

"व्हय."

हातकणंगले येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.

त्यानंतर ती अक्काशी बोलली नाही. भांडली नाही, दोष दिला नाही. भिंतीवरून काही मागणं बंद झालं, एवढंच. मला एकदाच म्हणाली, "दिलेलं मोजून दाखवलं तिनं. परक्याच्या दारात." मी म्हटलं, तिनं माझ्यासाठी केलं. आई म्हणाली, "मला कळत न्हाई व्हय? म्हणून तर शिव्या बी देता येईनात." अक्कानं कधी खुलासा दिला नाही. माझी फी भरली जात होती, मेस चालू होती, आणि आमच्या घरी चार वर्षं कुणी जेवायला आलं नाही. आईनं कुणाला बोलावलंच नाही.

मला मदत मिळाली. तिचं मोल मी जाणतो, तिच्यावर मी उभा आहे. पण मदत करणाऱ्यांना गरीब कसा दिसतो हे आधीच ठरलेलं हवं असतं. त्याच्या घरात खुर्ची नको, त्याच्या ताटात पुरणपोळी नको, त्यानं दारातच रडायला हवं. आणि तो तसा नसेल तर त्याच्या शेजारणीला येऊन त्याला उघडं करावं लागतं. दोन बायकांची आयुष्यभराची मैत्री माझ्या पदवीसाठी गेली, आणि ज्यानं ती मोडली त्याला ती गंमत वाटली.

गेल्या महिन्यात मी अक्काला पत्र पाठवलं. फोनवर हे बोलता आलं नसतं. ते जसंच्या तसं देतो.

अक्का,

चष्मा लाव आणि वाच. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. नातवाला वाचायला देऊ नकोस.

पुण्यातली नोकरी बरी चाललीय. ट्रस्टनं मला पत्र पाठवलं होतं, माजी विद्यार्थी म्हणून घरं बघायला येशील का. मी कळवलं की येईन, पण आधी दोन गोष्टी बंद करा. मुलांना माइकवर उभं करायचं नाही, आणि कुणाच्या घरची गोष्ट स्टेजवर सांगायची नाही. अजून उत्तर नाही. येईल असं वाटत नाही. माझा राग गेलेला नाही, अक्का, आणि तो जावा असंही मला वाटत नाही.

तू माझ्यासाठी काय केलंस हे मला त्या दिवशी पुरतं कळलं नव्हतं. मला वाटलं, तू साहेबांना गप्प केलंस. तू तुझी शेजारीण पणाला लावली होतीस, आणि ते तुला स्टेशनवर बसली होतीस तेव्हाच ठाऊक होतं. म्हणून तू कोल्हापुरापर्यंत बोलली नाहीस. आणि आईला कळू नये म्हणालीस, तर त्या सभागृहात उठून उभा मी राहिलो. ती चूक तुझी नाही, साहेबांची आहे आणि माझी आहे. हे मी आईलाही सांगितलं.

पहिल्या पगारातून मी बारा ताटं घेतली. दुकानदारानं विचारलं, नाव कुणाचं घालू, वडिलांचं? मी आईचं घालायला सांगितलं. तिनं ताट हातात घेऊन काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "बाईचं नाव कोण घालतंय?" पण ताटं आत ठेवली, फळीवर, दर्शनी.

परवा फोनवर म्हणाली, रविवारी ये, ताटं काढायची हाईत, पुरण घालतो. मी विचारलं, कोण येणार हाय? तिनं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाली, "जेवण दिवस मावळायच्या आत ठेवलंय."

आमच्यात दिवस मावळायच्या आत कोण जेवतंय, अक्का?

ती भिंतीवरून हाक मारणार नाही, तिचा स्वभाव तुला माहीत आहे. तू वाट बघू नकोस. चार वाजता ये. हात हलवत ये, खुर्च्याही आम्ही घेतल्यात. बसलीस की तेवढं म्हण, बऱ्या हाईत की.

तुझ्या शेजारचा